बेडकाच्या गाण्याने लावला छडा

माझ्या शेवटच्या नेमणुकीतली ती घटना आजही डोळ्यांपुढे जशीच्या तशी उभी राहते आणि दर वेळी आधी हसू येतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण नातेवाईक जमले की फर्माईश होते ती याच तपासाची. यातल्या कोणाचंही खरं नाव मी सांगणार नाही. छोट्या मुलीला ठमी म्हणतो, एवढं पुरे.

पश्चिम नागपुरातल्या एका ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी झाली, रात्रपाळीच्या अंमलदाराने चार्ज दिला आणि मी चहाचा कप तोंडाला लावतोय तोच एक जोडपं आत आलं. धरमपेठेत राहणारं, दोघंही नोकरी करणारे. नवऱ्याच्या कडेवर तीन वर्षांची ठमी. सोबत त्यांचा वकील मित्र, हातात फाइल.

तक्रार एका एजन्सीविरुद्ध होती. ही एजन्सी घरातच राहून मूल सांभाळणाऱ्या मुली पुरवायची. आपल्याकडे अशा मुलीला आपण सरळ 'मुलं सांभाळणारी' म्हणतो, पण या एजन्सीच्या पाटीवर 'ओ-पेअर' लिहिलं होतं आणि मुलगी ठेवणाऱ्या घराला 'होस्ट फॅमिली'. आमच्या महिला हवालदार बाईंनी अर्ज वाचला आणि विचारलं, "साहेब, पेअर म्हणजे जोडी ना? मग पोरगी तं एकच दिली!"

पण आईचा चेहरा बघून हसू आवरलं. हकीकत अशी. एजन्सीने त्यांना कुहीकडच्या एका गावातली विशीची मुलगी दिली होती. ठमी तिला दिदी म्हणायची. दिदीने ठमीला असा काही लळा लावला की पोर आईबापाशिवाय राहायची, पण दिदीशिवाय नाही. आणि एक दिवस हे दोघं ऑफिसातून परतले तर दाराशी दिदीऐवजी एजन्सीची बाई ठमीला घेऊन उभी. "तिची आई सीरियस आहे, गावाला गेली. दुसरी मुलगी देते, नवीन करार करावा लागेल." दिदीचा फोन त्या दिवसापासून बंद. यांनी नवीन कराराला नकार दिला, तर एजन्सीने यांनाच वकिलामार्फत नोटीस पाठवली.

वकील मित्र ग्राहक आयोग, फसवणूक, अटी-शर्ती असं बरंच बोलला. असा अर्ज आला की ठाण्यातलं ठरलेलं उत्तर असतं : हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा. मी तेच म्हणणार होतो. तेवढ्यात आई म्हणाली, "साहेब, केस नंतर बघू. आधी आमची दिदी कुठे आहे ते सांगा. ती अशी न सांगता जाणारी नाही."

भरपाई मागायला आलेला माणूस वेगळा दिसतो आणि काळजीने आलेला वेगळा. मी अर्ज ठेवून घेतला.

पहिलं काम, कुही ठाण्याला फोन. तिथला बीट अंमलदार मुलीच्या गावी जाऊन आला. सीरियस असलेली आई दारात बसून तांदूळ पाखडत होती. "मले काय झालं? मी चांगली हाय," ती म्हणाली. "पोरगी नागपुरातच हाय, बरी हाय, असं एजन्सीवाल्या बाई सांगतात."

म्हणजे आजारपण खोटं. एजन्सीच्या बाईंना बोलावलं. पन्नाशीच्या, गोड आवाजाच्या, समोरच्या प्रत्येकाला 'बेटा' म्हणणाऱ्या. संत्रा बर्फीचा डबा घेऊन आल्या. ठाण्यात मिठाई घेऊन येणारा माणूस एकतर नुकताच बाप झालेला असतो, नाहीतर काहीतरी लपवत असतो. डबा मी त्यांच्याच पर्समध्ये परत ठेवायला लावला.

"देखो साहेब," त्या म्हणाल्या, "मुलगी सज्ञान आहे. पत्ता कोणाला देऊ नका, असं तिनंच सांगितलंय. मी कसा देऊ? मेरी भी जिम्मेदारी है ना."

उत्तर पक्कं होतं. दखलपात्र गुन्हा अजून समोर आला नव्हता, त्यामुळे मला जास्त ताणता येईना. त्यांना जाऊ दिलं. पण आईच्या आजाराबद्दल विचारल्यावर त्या घोटभर पाणी जास्तच प्यायल्या होत्या, ते मी पाहून ठेवलं.

दरम्यान ठमीने ठाणं ताब्यात घेतलं होतं. आईवडील जबाब द्यायला यायचे तेव्हा हवालदार बाई तिला खेळवायच्या, आणि ती बाईंना दिदीने रचलेलं गाणं शिकवायची. त्यात मौद्याच्या वीजकेंद्राची चिमणी होती आणि एक भांडखोर बेडूक होता :

मौद्याच्या चिमनीनं ढग केला गा,
ढग आमच्या बोडीत बुडला गा,
बेडूक म्हने, मले काहून भिजवलं?
ठमीच्या बुटात मी घर सजवलं!

बोडी म्हणजे धानाच्या शेताजवळचं तळं आणि काहून म्हणजे का. शेवटच्या ओळीला ठमी स्वतःचा बूट काढून बाईंच्या टेबलावर ठेवायची. दोन-तीन दिवसांत आमचा अख्खा स्टाफ ते गुणगुणायला लागला. एकदा तर वायरलेसवर संदेश घेणारा अंमलदार तोच बेडूक गुणगुणताना सापडला.

आणि मग एका सोमवारी हवालदार बाई हजेरीच्या आधीच माझ्या केबिनमध्ये आल्या. त्या राहायच्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, मानेवाड्याला.

"साहेब, काल आमच्या बिल्डिंगमध्ये बड्डे होता. वरच्या मजल्यावरचा चार वर्षांचा पोट्टा माइक घेऊन गाणं म्हणून राहिला होता. तोच बेडूक!"

"असेल एखादं गावाकडचं गाणं."

"तेच तं! गावाकडच्या गाण्यात ठमी काहून येईल? मी त्याले विचारलं, ठमी कोन रे? तो म्हने, दिदीची परी आहे. दिदी तिची आठवण आली की रडते."

मी उठलो. साध्या कपड्यांत, बाईंना पुढे करून, आम्ही त्या फ्लॅटवर गेलो. दार उघडलं ते त्याच मुलीने; ठमीच्या आईने दिलेल्या फोटोतला चेहरा. बाईंनी ओळखपत्र दाखवताच तिने हात जोडले.

"साहेब, मी चोरी नाही केली जी! आईची आण. मी सोन्याले हातबी नाही लावला."

"कुठलं सोनं?" मी विचारलं. चोरीची तक्रार कोणी केलीच नव्हती.

बाईंनी तिला पाणी दिलं, जवळ बसवलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एजन्सीच्या बाई दुपारी धरमपेठेच्या घरी आल्या. घरातली सोन्याची चीज गेली, मालक तुझ्या नावाने पोलिसात निघालेत, मीच तुला वाचवते, असं म्हणाल्या. फोन काढून घेतला, नवीन सिम घालून परत दिला आणि त्याच दिवशी तिला मानेवाड्याला पोचवलं. त्या घराशी किंवा गावाशी बोललीस तर थेट जेल, अशी तंबी दिली. मानेवाड्याच्या घराशी अर्थातच नवीन करार. मूल रुळलं की मुलगी उचलायची आणि दुसऱ्या घरी बसवायची. घर अडलेलं असतं, नवीन करार करतंच. अशी आणखी घरं निघाली, पण ती नंतर.

आता दखलपात्र गुन्हा समोर होता. एजन्सीच्या बाईंना पुन्हा बोलावलं. या वेळी बर्फी नव्हती, पण 'बेटा' होतंच. माझा चौकशीचा एक साधा नियम आहे. खोटं बोलणाऱ्याला धमकावू नये, त्याला तपशील विचारावा. खरं बोलणारा चार वेळा 'आठवत नाही' म्हणतो. खोटं बोलणारा कधीच म्हणत नाही.

"चोरी झाल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"धरमपेठवाल्या मॅडमनी. बहुत रोयी बेचारी."

"काय गेलं?"

"गळ्यातली चेन."

"कशी होती?"

"अरे साहेब, रोज घालायच्या ना त्या. पिळाची. खाली छोटंसं पेंडंट. मी कितीदा पाहिली त्यांच्या गळ्यात."

मी दाराकडे पाहून मान हलवली. हवालदार बाई ठमीच्या आईला आत घेऊन आल्या. मी तोच प्रश्न तिला विचारला.

ती गोंधळली. "चेन? साहेब, मला सोन्याची अ‍ॅलर्जी आहे. मानेवर पुरळ येतं. लग्नातसुद्धा मी फोटोपुरतं मंगळसूत्र घातलं होतं. सासूबाईंनी त्यावरून किती बोलणी ऐकवली, विचारा यांना!"

नवऱ्याने दारातूनच जोरजोरात मान डोलावली. एजन्सीच्या बाई पहिल्यांदा कोणालाच 'बेटा' म्हणाल्या नाहीत.

फसवणूक आणि धमकावणी, दोन्हींचा गुन्हा दाखल झाला. जबाब झाले, पुढे दोषारोपपत्र कोर्टात गेलं. कुटुंबांनी एकत्र येऊन ग्राहक आयोगातही अर्ज केला. एजन्सीची पाटी उतरली.

पण खरा तमाशा त्या चौकशीच्याच दिवशी माझ्या केबिनमध्ये व्हायचा होता. दिदीला आत आणलं आणि ठमी बापाच्या कडेवरून अक्षरशः उडी मारून तिच्या गळ्यात पडली. मानेवाड्याचं कुटुंबही आपला वकील घेऊन जबाबासाठी आलेलं; त्यांच्या पोराने हे पाहिलं आणि दिदीचा दुसरा हात धरून भोकाड पसरलं.

"आमच्याकडे ती आधी होती," ठमीची आई म्हणाली.

"पण आता आमच्याकडे आहे ना, वहिनी," मानेवाड्याची आई म्हणाली. "आमचीही फसवणूक झालीच की. दोन्ही बाजूंनी आम्हीच का सोसायचं?"

दोन्ही वकील उभे राहिले. एकाने करार काढला, दुसऱ्याने नोटीस. मी टेबलावर हात आपटला.

"ती इथेच बसली आहे. तिला कोणी विचारलं का?"

दिदीने दोन्ही मुलांना मांडीवर घेतलं, डोळे पुसले आणि ठमीच्या आईकडे पाहिलं. "ताई, तुम्ही मले चोर समजून राहिल्या होत्या, असं मले वाटलं."

"आणि मला वाटलं, तुला आमचा कंटाळा आला." आई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली.

एकाच घरात राहिलेली, एकाच मुलीला जीव लावणारी ही दोन माणसं. मध्ये तिसऱ्या तोंडाने दोन निरोप दिले आणि दोघी इतके दिवस वेगवेगळ्या रडत होत्या. या केसने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर मी हेच सांगतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्याकडे भांडण आलं की मी अर्ज वाचायच्या आधी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवत असे. निम्मी भांडणं तिथेच, चहा येण्याआधी मिटायची.

"मी पहिले घरी जाईन," दिदी म्हणाली. "धानाची रोवणी हाय, आईले हातभार पाहिजे. मग ठमीकडे येईन. अन् या पोट्ट्यासाठी माझी मावसबहीण हाय, तिले विचारून पाहते. तिले माझ्यापेक्षा जास्त गाणी येतात."

मानेवाड्याच्या आईला हे पटलं. वकील मित्राने लगेच पेन काढलं. आता एजन्सी नको, थेट लेखी ठरवू, म्हणाला. मग दिदीला म्हणाला, तुझ्या अटी सांग. तिला अटी विचारण्याची ती बहुधा पहिलीच वेळ असावी. तिने थोडा विचार केला.

"रविवारी सुट्टी. माझा फोन माझ्याजवळ." मग ठमीचे केस सारखे करत ती म्हणाली, "अन् माझं काही चुकलं तं पहिले मले सांगजा, ताई. दुसऱ्याले नका सांगू."

वकील ते वाक्य कायद्याच्या भाषेत कसं बसवावं याचा विचार करत पेन धरून बसला. मी म्हटलं, "ती जसं बोलली तसंच लिहा." ठमीच्या आईने सगळ्यात आधी सही केली.