मागच्या सीटवरची व्हर्डी

उत्तरेकडून थंडीची लाट येऊन सरकून गेली की दुसऱ्या दिवशी बेअर हॉलोच्या तलावावर कॅलेंडरवर छापावं असं निळं आभाळ निघतं. पाहुणे म्हणतात, वा, काय दिवस आहे! इथला माणूस मात्र त्या आभाळाकडे बघून तोंड वाकडं करतो, बोटीवर ताडपत्री ओढतो आणि गॅरेज आवरायला जातो. आदल्या दिवशी ज्या बास माशांनी गळ ओढून ओढून मनगटं दुखवलेली असतात, तेच मासे आता बुडालेल्या फांद्यांत शिरून तोंड मिटून बसतात. नाकासमोरून आमिष गेलं तरी ढुंकून बघत नाहीत. भल्याभल्यांनी अशा दिवशी हात टेकलेत.

असल्या दिवशी कुणी मासा आणला, असं कानावर आलं तर गावात कुणाचा हे विचारावं लागत नाही. मिस व्हर्डीचा. व्हर्डी स्टॅलिंग्जने शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढला. तिच्या हातची गरम, पावासारखी मऊ बिस्किटं आणि ग्रेव्ही खाऊन मोठी झालेली पोरं आता टकली झाली, पण अजून तिच्यासमोर टोपी काढतात. अंगाने बारीक, बोलणं मोजकं, आणि घाई म्हणून तिच्या स्वभावातच नाही.

एकदा रँडलच्या आमिषाच्या दुकानात कुणीतरी तिला विचारलं, "मिस व्हर्डी, या थंडीत त्यांचं तोंड उघडवता कसं?"

"मी कुठे उघडवते?" ती म्हणाली. "गारठ्यात सकाळी माझं दार कुणी बडवलं तर मी उठणार नाही. पण उशाशी गरम बिस्किट आणून ठेवलं आणि गप्प बसलात, तर कधीतरी हात बाहेर काढीनच की."

तिची रीत एवढीच. बोटाएवढं रबरी गांडूळ, जेमतेम बुडेल इतकं शिसं. ते फांद्यांच्या मुळाशी सोडायचं आणि काही करायचं नाही. पण काही न करणं सगळ्यात अवघड, म्हणून ती मनातल्या मनात बिस्किटं करते. पीठ चाळायचं, त्यात चरबी चोळायची, ताक घालायचं, लाटायचं, वाटीने गोल कापायचे, ट्रे भट्टीत सरकवायचा. मग गांडूळ बोटभर हलवायचं. आणि पुन्हा पीठ चाळायला घ्यायचं.

हे सगळं ती शिकली मागच्या सीटवर. आमच्याकडे बोटीच्या नाकावर पायाने चालवायची एक छोटी विजेची मोटर असते. ज्याच्या पायाखाली तिचं पेडल, त्याचं राज्य. बोट कुठे न्यायची, कुठे थांबवायची, पहिला गळ कुठे पडणार, सगळं तोच ठरवतो. मागच्याला मिळतं ते उरलंसुरलं पाणी. लग्न झाल्यापासून पुढे तिचा नवरा हॉलिस आणि मागे व्हर्डी. हॉलिस म्हणजे वादळ. एका जागी दोन गळ टाकले की "इथे काही नाही, चल!" म्हणून निघालाच. त्याने धुंडाळून सोडलेल्या पाण्यातून ती मासे काढायची. नवरा-बायकोच्या स्पर्धेत दोनदा पहिला नंबर आला, तो बहुतेक तिच्याच माशांवर. पण रँडलच्या दुकानातल्या फळ्यावर दोन्ही वर्षी एकच मजकूर आहे: हॉलिस स्टॅलिंग्ज व सौ. हॉलिस काही वाईट माणूस नव्हे. त्याच्या कधी डोक्यातच आलं नाही, आणि तिने ते घातलं नाही.

त्या वर्षी मात्र प्रश्न बोटीचाच होता. हॉलिसच्या डोळ्यांचा मधला भाग हळूहळू पुसत चालला होता. कडेकडेचं दिसायचं, पण समोरच्याचा चेहरा धुरकट. डॉक्टरांनी गाडी सोडायला लावली तेव्हा त्याने घर डोक्यावर घेतलं. मग एके दिवशी काही न बोलता रँडलच्या दुकानाच्या काचेवर चिठ्ठी चिकटवून आला: बोट विकणे आहे. मार्चमधली स्पर्धा झाली की सोमवारी गिऱ्हाईक येणार होतं. व्हर्डीला हे कळलं ते त्याच दुकानात दूध आणायला गेल्यावर, काचेवर वाचून. ती चिठ्ठीसमोर बराच वेळ उभी राहिली. बोट गेली की तिचं पाणीही जाणार होतं, आणि तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. घरी आली, दूध फ्रीजमध्ये ठेवलं आणि जेवणाच्या तयारीला लागली.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी गडगडाट झाला, पाऊस कोसळला, संध्याकाळी वारा फिरला. सकाळी नाशपातीच्या फुलांवर हिव पडलेलं, आणि वर ते निळंशार आभाळ. उतारावर बोटी पाण्यात सोडायला जमलेल्या जोडप्यांचे चेहरे सुतकी होते. बायका गाडीतून उतरायला तयार नव्हत्या.

"तू गाडीत हीटर लावून बस," हॉलिस म्हणाला. "आज बाहेरचं सगळं मी करतो. शेवटचीच खेप आहे."

"अरे, पण बूच..."

"लावतो गं! लहान आहे का मी?"

बोटीच्या बुडाशी, मागच्या बाजूला अंगठ्याएवढं भोक असतं. घरी उभी असताना पाणी निथळून जावं म्हणून त्याचं बूच काढून ठेवतात. ते लावणं हे मागच्या सीटचं काम, म्हणजे व्हर्डीचं. आज प्रेमाने ते हॉलिसने स्वतःकडे घेतलं. वाकून बघितलं, काळं गोल काहीतरी दिसलं, बूच लावलेलंच आहे असं समजला. ते भोक होतं.

व्हर्डीने गाडी मागे घेतली, बोट पाण्यात गेली, मग तीही चढली, आणि थोड्याच वेळात तिच्या बुटांत गार पाणी शिरलं.

"हॉलिस!" पलीकडच्या बोटीतून बफर्ड हगिन्स ओरडला. त्याला असली संधी सोडवत नाही. "बोटीला पोहायला शिकवतोयस, का बाप्तिस्मा देतोयस?"

सगळा काठ हसला. बोट पुन्हा ट्रेलरवर ओढून पाणी काढेपर्यंत बाकीचे सुटलेसुद्धा. तिने बूच लावलं. पुन्हा पाण्यात उतरले, तर मोठं इंजिन हूं की चूं करेना. मागच्या कप्प्यातली त्याची बॅटरी न्हाऊन निघाली होती. पुढच्या छोट्या मोटरच्या बॅटऱ्या नाकाखाली, म्हणून तेवढ्या कोरड्या राहिल्या.

"मला ते लावलेलं दिसलं, व्हर्डी," हॉलिस हळूच म्हणाला. त्याचा आवाज तिने कधी असा ऐकला नव्हता. तिला त्याची कीव आली नाही, माया आली. पण तोंडाने ती एवढंच म्हणाली, "तू बॅटरीचं बघ. तोवर मी बोट वाऱ्यावर जाऊ देत नाही."

आणि ती पुढे जाऊन बसली. पायाखाली पेडल आलं. ते तिला थोडं लांब पडत होतं, पण पाय पोचत होता.

लांब जाण्याचा प्रश्नच नव्हता. हाकेच्या अंतरावर चर्चचा धक्का होता. नाताळ सरला की चर्चचे लोक गावभरची नाताळची झाडं गोळा करतात आणि दगड बांधून धक्क्याजवळ बुडवतात, माशांना आसरा म्हणून. तिथे पोराटोरांनी बसावं, मोठ्यांनी नाही, असा समज. प्रत्येक बोट त्याच्यावरून भरधाव निघून जाते. व्हर्डीने बोट उन्हाच्या बाजूला घेतली, वाऱ्याकडे नाक केलं आणि गांडूळ पहिल्या झाडाच्या बुंध्याशी सोडलं. पीठ चाळलं. चरबी चोळली. मागे हॉलिस वायरी पुसत स्वतःला शिव्या घालत होता.

किती बिस्किटं झाली कोण जाणे. ऊन चढलं. मग गळाची दोरी एवढीशी जड झाली, ओल्या फडक्यासारखी. व्हर्डीने घाई न करता काठी उचलली आणि एक गलेलठ्ठ बास, झोपमोड झाल्यासारखा चिडून, वर आला.

"असू दे, एखादा लागतोच," हॉलिस म्हणाला, पण जाळी घेऊन धावला. मासा जिवंत राहावा म्हणून बोटीतल्या पाण्याच्या टाकीत सोडला.

दुसरा आला तेव्हा तो जाळी धरून आधीच वाकला होता. आणि तेवढ्यात, बॅटरी वाळली म्हणा की तिला दया आली म्हणा, इंजिन खोकलं आणि धडधडून सुरू झालं.

"आहे! जिवंत आहे!" हॉलिस आनंदाने ओरडला. "चल, मागे ये. वर ओढ्याच्या तोंडाशी जाऊ. अजून अख्खी दुपार आपली आहे!"

व्हर्डी हलली नाही.

"इंजिन बंद कर, हॉलिस."

"काय?"

"बंद कर म्हटलं. मासे दचकतात. आणि मीपण."

"अगं, या धक्क्यापाशी काय करायचंय दिवसभर?"

"जे मी करतेय ते." तिने पाण्यावरची नजर काढली नाही. "तू म्हणालास चल, मी आले. दर वेळी आले. कधी म्हटलं, थांब? आज म्हणतेय. आणि आता विषय निघालाच आहे तर ऐक. तुझे डोळे गेले म्हणून तू बोट विकतोयस. माझे कुठे गेलेत?"

इंजिन धडधडत राहिलं. हॉलिस तिच्याकडे बघत होता, मान जरा तिरकी करून, कारण समोर बघितलं की तिचा चेहरा पुसला जायचा. शेवटी त्याने किल्ली फिरवली, आणि तलावावर इतकी शांतता झाली की धक्क्याखाली चुबुकणारं पाणी ऐकू आलं.

"मी काय करू मग?" त्याने विचारलं.

तिने आपली दुसरी काठी मागे दिली. "ते दुसरं झाड. धक्क्याच्या आडव्या तुळईच्या अलीकडे टाक. आणि हलवू नकोस."

"किती वेळ?"

"बिस्किटं होईपर्यंत."

त्याने टाकलं आणि लगेच हलवलं.

"पीठ तरी चाळलंस का रे?"

"मला कधी येत होतं चाळायला!"

"म्हणून तर. दोरी बोटावर घे. डोळे मीट हवं तर, त्यांचं यात काही काम नाही."

हॉलिसने खरंच डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस एका जागी बसला. पुटपुटत होता, कुरकुरत होता, पण बसला. आणि त्या दिवशीचा त्यांचा सगळ्यात मोठा मासा त्याला मिळाला, मागच्या सीटवर, बायकोच्या उरलेल्या पाण्यात. काठी वाकली तेव्हा तो पोरासारखा किंचाळला, आणि जाळी घेऊन व्हर्डी धावली.

उतरत्या उन्हात सगळे परतले. बहुतेकांच्या टाक्या रिकाम्या, नाकं लाल, आणि नवरा-बायकोत अबोला. आमच्याकडे एक रिवाज आहे. ज्याने पुढे बसून बोट चालवली, त्यानेच माशांची पिशवी तराजूपाशी न्यायची. हॉलिसने सवयीने पिशवी उचलली आणि चालायला लागला. थोडं गेल्यावर थबकला. वळला. कुणाचाच चेहरा त्याला धड दिसत नव्हता, पण व्हर्डीचा लाल कोट दिसला. तिच्याजवळ आला आणि पिशवी तिच्या हातात दिली.

"जड आहे," तो म्हणाला. "सांभाळून ने."

रँडल माईक घेऊन उभा होता. "आणि आता हॉलिस स्टॅलिंग्ज व..." म्हणता म्हणता त्याने पिशवी कुणाच्या हातात आहे ते पाहिलं आणि माईक तिच्यापुढे धरला.

"व्हर्डी स्टॅलिंग्ज," ती म्हणाली. "आणि मागच्या सीटवर हॉलिस."

बफर्ड हगिन्सनेसुद्धा टोपी काढली. नंबर ठरतो तो जोडीच्या सगळ्यात मोठ्या एका माशाच्या वजनावर, आणि त्यांचा मात्र दुसरा आला. पहिला, वैताग म्हणजे, बफर्डचाच. त्याच्या बायकोला कुठल्याशा खांबाखाली एकच मासा मिळाला होता, पण तो केवढा! फळ्यावर पहिल्याचंच नाव लिहितात. त्यामुळे व्हर्डीचं नाव काही लागलं नाही, आणि तिने तिकडे बघितलंही नाही. मासे पाण्यात सोडताना ती एकेकाला हाताने धरून, त्याचे कल्ले नीट हलायला लागेपर्यंत थांबत होती.

वर आली तर हॉलिस दुकानाच्या दारात रँडलशी बोलत होता.

"सोमवारच्या माणसाला फोन कर. म्हणावं, येऊ नको."

"का? भाव पटला नाही?"

"बोट चालवणारी सापडली," हॉलिस म्हणाला. "मागे बसणारा हवा होता, तोही आहे. फक्त बूच लावायला देऊ नका त्याला."

रँडल हसत फोन करायला आत गेला. हॉलिस काचेकडे वळला. चिठ्ठी त्याला दिसत नव्हती. त्याने काचेवर तळहात फिरवून ती शोधली आणि नखाने चिकटपट्टीची कड उकरायला लागला. नख सटकायचं, तो पुन्हा चाचपायचा, पुन्हा उकरायचा. वेळ लागत होता. व्हर्डी मदतीला गेली नाही. मागे जरा अंतरावर उभी राहिली आणि मनात पीठ चाळायला घेतलं.