उन्हाचा लिलाव

नंदाखाल गावच्या बर्थामावशीला देवाने दोन गोष्टी दिल्या, राजेळी केळी आणि घसा. केळी वाळवून ती सुकेळी करते, आणि घशामुळे आगेऱ्याचा, म्हणजे आमच्या नव्या भाताच्या सणाचा, लिलाव वर्षानुवर्षं तीच पुकारते. लोकांनी वाहिलेली केळी, भोपळे, कोंबडे मिस्साच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात विकायचे आणि पैसे चर्चला द्यायचे. नियम एकच. मावशी "तीनवार" म्हणाली की सौदा पक्का, मग खुद्द बिशप आले तरी कोंबडा परत मिळत नाही.

यंदा मात्र मावशीच्या पोटावर पाय आला. शेजारच्या वाडीत आमच्याच चर्चच्या नेल्सन बिल्डरने पाच मजली इमारत उठवली आणि तिची सावली नेमकी मावशीच्या केळी वाळवायच्या मांडवावर पडायला लागली. सोललेली केळी रोज कडक उन्हात तापली तरच त्यांची सुकेळी होतात, सावलीत बुरशी धरते. विधवा बाई, दुसरं उत्पन्न शून्य.

ती नेल्सनकडे गेली. तो म्हणाला, "मावशी, ऊन काय माझ्या नावावर आहे? ते देवाचं. प्रार्थना कर."

मग ती फादरकडे गेली. फादर सहनशीलतेबद्दल फार छान बोलले. डोक्यावर नेल्सनने दान केलेला पंखा गरगरत होता, तिन्ही पात्यांवर नेल्सनच्या बापाचं नाव. हवा चांगली येत होती.

आगेऱ्याला फादरनी प्रवचनात श्रीमंतांना नेहमीप्रमाणे झोडपलं आणि बाहेर येऊन पहिला हात नेल्सनशीच मिळवला. मला संताप आला, पण हात मिळवायच्या रांगेत मीही होतो. लिलावात मावशीने वाहिलेली सुकेळ्यांची पुडी निघाली, गेल्या हंगामातली शेवटची. नेल्सनने पहिलीच बोली एवढी मोठी लावली की टाळ्या पडल्या. फोटोवाला पुढे धावला. मावशीने "तीनवार" म्हणून पुडी त्याच्या हातात दिली, पण माईक सोडला नाही.

"आता शेवटचा माल," ती गरजली. "ऊन! नेल्सन म्हणतो, ते देवाचं. म्हणजे लिलावात आलंच. माल त्याच्या गच्चीवर पडलाय. माझी बोली, दर हंगामाला चर्चला पाच पुड्या सुकेळी. कोण वर जातंय?"

लोक हसले. नेल्सनही हसला, मग त्याच्या लक्षात आलं.

"मावशी, माईक ठेव खाली."

"बोली लाव, नाहीतर गप्प बस. एकवार!"

नेल्सनने फादरकडे पाहिलं. फादर भोपळ्याकडे पाहत होते.

"दोनवार!"

पैसा त्याच्याकडे पोत्याने होता. पण विधवेचं ऊन सगळ्या गावादेखत बोली लावून घ्यायचं, तेही फोटोवाल्यासमोर, एवढी छाती नव्हती.

"तीनवार!"

मला एकदम रडू आलं. शिट्ट्या वाजवणाऱ्यांत मग मी सगळ्यांच्या पुढे होतो.

आता मावशीची केळी नेल्सनच्या गच्चीवर वाळतात. फक्त लिफ्ट खराब होईल म्हणून तिला टोपल्या घेऊन जिन्याने जावं लागतं. परवा एक टोपली मी उचलली. चौथ्या मजल्यावर ती धापा टाकत पायरीवर बसली.

"दमलीस, मावशी?"

"गरिबाला वर जायचं तर जिनाच," ती म्हणाली. "लिफ्ट पंखेवाल्यांना."