नारंगी नळी

आनंदरावांची सगळी नोकरी कारखान्याच्या पाणी-लॅबमध्ये गेली. भंडाऱ्याकडून तरुणपणी आले, नळ्या धुण्यापासून सुरुवात केली आणि रिटायर होईपर्यंत पाण्यातलं लोखंड मोजत राहिले. हे लोखंड दोन तऱ्हेचं असतं. एक गंजलेलं. त्यात ॲसिड आणि थायोसायनेट टाकलं की पाणी लालभडक होतं. दुसरं पाण्यात पुरतं विरघळलेलं, डोळ्यांना न दिसणारं. ते ओळखायचं रसायन वेगळं, आणि त्याचा रंग नारंगी.

कमाई घालून त्यांनी हुडको कॉलनीच्या पलीकडे घर बांधलं, तर बोअरला हेच लोखंडाचं पाणी लागलं. त्यांच्या पत्नी रुक्माबाईंनी बुद्धवंदनेला नेसायची पांढरी साडी तिथे एकदाच धुतली. वाळल्यावर ती पिवळी पडली. डाग जावेत म्हणून ब्लीचिंगमध्ये भिजवली, तर ते आणखी पक्के बसले.

"या पाण्यात मी नाही राहत," त्या म्हणाल्या. "पाणी सुधरवा, मंग बोलवा मले."

आनंदरावांनी पाणी टाकीत उभं ठेवलं, वाळूतून गाळलं, चुना टाकून पाहिला, बोअर आणखी खोल नेली. शेवटी एक फिल्टर बसवला. यापुढचा उपाय त्यांना माहीत नव्हता, आणि रुक्माबाई अजून राहत होत्या त्या कारखान्याच्या क्वार्टरची चावी सोमवारी परत द्यायची होती.

रविवारी सकाळी रुक्माबाई पाहायला आल्या. क्वार्टरच्या शेजारीण बेबीताईही सोबत होत्या. आनंदरावांनी फिल्टरचं पाणी दोन नळ्यांत घेतलं.

"काचेवानी दिसून राहिलं," रुक्माबाई म्हणाल्या.

पहिल्या नळीत ॲसिड आणि थायोसायनेट पडलं. पाणी लाल झालं नाही.

"झालं नं मंग?"

"एक नळी राहिली."

"लगन झालं तवापासून याहीची एक नळी राहिलेलीच असते," रुक्माबाई बेबीताईंना म्हणाल्या. खूप दिवसांनी त्या हसत होत्या.

"राहू द्या नं भाऊजी," बेबीताई म्हणाल्या, "पास झाला पोरगा, आता कायले परत परीक्षा घेता?"

आनंदरावांनी दुसऱ्या रसायनाची बाटली उघडली. उरलेल्या नळीत थेंब टाकले. नारंगी रंग हळूहळू चढला आणि फिल्टर नव्हता तेव्हा होता तेवढाच गडद झाला.

"हे कावून असं?" रुक्माबाईंनी विचारलं.

"फिल्टरनं गंज अडवला. विरघळलेलं सारं निघून आलं."

"म्हणजे कपडे तसेच होतीन?"

"हो."

"आता काय करसान?"

"काई नाई. कराले काई राहिलं नाई."

"इकून टाका," बेबीताई म्हणाल्या.

"अर्धी गल्ली इकाले काढून बसली हाये, ताई. लोक येतात, नळ सोडून पाहतात आन् चालले जातात," आनंदराव म्हणाले.

पाहुणी घरात आली आहे म्हणून रुक्माबाईंनी त्याच पाण्याचा चहा ठेवला. पत्ती पडताच पाणी शाईसारखं झालं आणि दूध घातल्यावर चहाला राखेचा रंग आला. बेबीताईंनी एक घोट घेतला, पित्त झालंय म्हणाल्या आणि कप खाली ठेवला.

रुक्माबाईंनी आपला कप पूर्ण संपवला.

"उद्या सामानाचा टेम्पो कवा येते?" त्यांनी विचारलं.