आठच्या आत टॉवेल

इथे परदेशात, ग्लेन वेव्हर्लीला, आमच्या कुंपणापलीकडे एक जर्मन आजी एकट्या राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, स्वभाव कडक. लॉकडाऊन लागला तेव्हा मी त्यांना बजावलं, "रोज आठच्या आत तुमचा लाल टॉवेल दोरीवर दिसला पाहिजे. दिसला की मी समजेन, सगळं ठीक आहे." माझी आई पुण्यात शेजारणीच्या भरवशावर होती. निदान इथे तरी मी कुणाच्या उपयोगी पडावं, एवढंच मनात. पंधरा दिवस टॉवेल एकदाही चुकला नाही.

गुड फ्रायडेला आठ वाजले, टॉवेल नाही. साडेआठ. नऊ. फोन नुसताच वाजत राहिला. बेल दाबली, दार ठोठावलं, काही नाही. नवरा म्हणाला, "अगं, झोपल्या असतील. आत जायला बंदी आहे." "खड्ड्यात गेली बंदी!" म्हणत मी मागच्या फाटकातून घुसले.

स्वयंपाकघराच्या काचेतून त्या दिसल्या. टेबलाशी, काळ्या कपड्यात, मान खाली. हलत नव्हत्या. मी काच बडवली, ओरडले, पुन्हा दोन्ही हातांनी बडवली. देवा, एवढं नको रे.

तेवढ्यात मान वर झाली. मला बघून त्या केवढ्यांदा दचकल्या! टेबलावरचं ऐकण्याचं मशीन कानात घातलं, खिडकी बोटभर उघडली.

"काय झालं? आग लागलीय का कुठे?"

"टॉवेल कुठाय?" मी किंचाळले.

"आज? आज आम्ही कपडे धूत नाही, वाळत घालत नाही. गाणी नाहीत, साधा खिळाही ठोकत नाही. तीन वाजेपर्यंत गप्प बसायचं. लहानपणापासून बसतेय."

"मग काल सांगायला काय झालं होतं? मला वाटलं, तुम्ही गेलात!" आणि मी तिथेच, भर अंगणात, भोकाड पसरलं. राग आला होता आणि जिवात जीवही आला होता. आजी काचेमागेच उभ्या राहिल्या. जवळ यायची सोय नव्हती.

"सुचलंच नाही," त्या म्हणाल्या. "कुणी माझी वाट बघतंय, याची सवय राहिली नाही."

पुढच्या वर्षी गुड फ्रायडेला मी सवयीने आठच्या आधीच आमच्या खिडकीशी गेले. दोरीवर लाल टॉवेल! बाई गं, माझ्यापायी आजींनी आजचा नेम मोडला की काय? दोरी कुंपणालगतच होती. बाहेर जाऊन कुंपणावरून हात लांबवून टॉवेल चाचपला. ठणठणीत कोरडा, कपाटातल्या घडीच्या खुणा तशाच. धुतलाच नव्हता, माझ्यासाठी नुसता टांगला होता.