साबणाचा पडदा

मावला गावचा पंढरी कॉलेजच्या रसायनशाळेत मदतनीस होता, आणि हायड्रोजनच्या सिलेंडरला तो भीत असे. चावीला हात लावण्याआधी तो हात जोडी. कारकून खुशाल डिवचायचा, "काऊन रे, नवस बोलून राह्यला का त्याले?" पंढरी हसायचा नाही. वास नाही, रंग नाही, आणि ठिणगी मिळाली की सगळं संपलं. अशा वस्तूशी थट्टा कसली?

त्या दिवशी तर भिंतीपलीकडे त्याची मुलगी दामिनी प्रात्यक्षिक करत होती. तिथे बर्नर पेटलेले, आणि दोन्ही खोल्यांमधल्या भिंतीत छताजवळ उघडा झरोका.

इकडे वरंगलहून नव्याने आलेल्या स्वर्णलता मॅडमना वायूचा वेग मोजायचा होता. त्याचं यंत्र महाग, म्हणून त्यांनी जुनी ब्युरेट, म्हणजे खुणा केलेली काचेची नळी, उभी केली, तळाशी साबणाचं पाणी ठेवलं आणि खालून वायूची रबरी नळी जोडली. वायू आला की साबणाचा पातळ पडदा काचेतून वर चढतो. दोन खुणांमधला वेळ घड्याळात धरला की वेग कळतो. सुटणारा वायू अगदी थोडा, खिडकीतून निघून जाणारा. मॅडम खुणेला डोळा लावून बसल्या. पंढरी मागे सिलेंडरपाशी उभा. त्याच्याशी त्या नेहमी हिंदीत बोलत.

पडदा भराभर चढू लागला. मॅडम म्हणाल्या, "चालु."

पंढरीने चावी आणखी फिरवली. पडदा सुसाट वर जाऊन फुटला.

"चालु, चालु." मॅडमचा आवाज चिरकला. त्याने आणखी फिरवली. साबणाचं पाणी टोकातून उडालं, नळी निसटली आणि वायू सळसळत सुटला.

मॅडम वळल्या. चेहरा पांढराफटक, ओठांवर तोच शब्द. तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याची बायको बाजारात तराजूत वांगी टाकते, तेव्हा तेलुगू बायका हेच म्हणतात. चालु, म्हणजे पुरे. भीतीने मॅडमची हिंदी सुटली होती, आणि भीतीनेच त्याच्या कानात मराठी शिरली होती.

त्याने चावी आवळली. सळसळ थांबली, पण सुटलेला हलका वायू छताकडेच, झरोक्यातून पलीकडे जाणार होता. तो पलीकडे धावला आणि बर्नरचा मुख्य नळ बंद केला. ज्योती विझल्या.

"भाईर निघा सारे."

व्हरांड्यात दामिनी चिडली. "माझं रीडिंग गेलं ना, बाबा."

पंढरी झरोक्याकडे पाहत राहिला. आत किती वायू साठला होता, कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याने तिचं मनगट धरलं आणि मैत्रिणी हसल्या तरी सोडलं नाही.