अक्काच्या दारावरून

बावन्नाव्या वर्षी मी पळायला लागलो तेव्हा बायकोनं एकच प्रश्न विचारला, "कोणापासून?" प्रश्न रास्त होता. आमच्याकडे माणूस उगाच पळत नाही. एसटी सुटत असेल, मागे कुत्रं लागलं असेल, नाहीतर घरी कोणी अत्यवस्थ असेल, तेव्हाच पळतो. माझ्या मागे डॉक्टर लागले होते. साखर काठावर आली आहे, म्हणाले, आता तुम्हीच ठरवा आत पडायचं की मागे सरकायचं. मी मागे सरकायचं ठरवलं.

घर माझं जळगावात आणि नोकरी धुळ्यात, तिथे भाड्याची खोली. पहिल्यांदा पळालो ते जळगावच्या मेहरूण तलावाशी, थंडीतल्या एका सकाळी. पाय उचलले तशी पोटानं तक्रार केली, मग छातीनं, मग दोघांनी मिळून. स्वेटर-मफलर घातलेले एक आजोबा मागून चालत आले, चालतच माझ्या पुढे गेले आणि वळून म्हणाले, "सावकाश." याहून सावकाश म्हणजे उभं राहणं. मी उभाच राहिलो.

धुळ्यात मात्र पळणाऱ्यांचा एक गट भेटला आणि त्यांनी मला हाताशी धरलं. रविवारी लांब पळायचं, बोलता येईल इतक्याच वेगानं पळायचं, असे धडे मिळत गेले. पहिलाच धडा कपड्यांचा होता. माझी ढगळ पँट पाहून ते म्हणाले, "साहेब, ही काढा, मांड्या सोलून निघतील." म्हणून मी हाफ पँट घेतली. कॉलेज सुटल्यापासून माझे गुडघे बायकोखेरीज कोणी पाहिले नव्हते. पहिल्या दिवशी ती घालून खोलीबाहेर पडताना मी जिन्याकडे कान लावून कोणी येत नाही ना, याची खात्री केली होती.

रस्त्यानं पळणाऱ्या माणसाला खानदेशात एकटं सोडत नाहीत. दर रविवारी कुणी ना कुणी मोटारसायकल थांबवायचाच.

"बस भाऊ, कोठे जानं शे?"

"कोठेच नही. पयी राह्यनू."

"मंग बस ना! सोडी देस."

समजावून सांगणं अवघड होतं. एकदा नगावजवळ दुधाची किटली घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीनं मला पळताना पाहून डोक्यावरचा पदर सावरला आणि हळू आवाजात विचारलं, "कोन गयं रे भाऊ?" कोणीच गेलं नाही म्हटल्यावर तिला बरं वाटलं, पण मग मी पळतोय कशाला, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मला ही चौकशी आवडायची. चिडचिड व्हायची तीही आवडायची.

चैत्रातल्या एका रविवारी गटानं ठरवलं की धुळ्याहून थेट सोनगीरपर्यंत पळायचं आणि एसटीनं परत यायचं. सोनगीर म्हणजे माझ्या अक्काचं सासर.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. भडगावला गिरणेच्या वाळूत मला पुढे पळायला लावून मागून पकडायची ती, म्हणजे पळायला मला खरं तर तिनंच शिकवलं. आई-वडील गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे माझं जळगावचं घर, आणि मला वडीलधारं म्हणजे ती. ती मला अजूनही 'तू पोट भरीसन जेवस का नही' असं विचारते आणि उत्तर न ऐकता आणखी एक पोळी वाढते.

हायवेवरून पुढे जायचं असं ठरलं होतं, पण ऊन चढलं तसे सगळे सावलीसाठी गावातल्या जुन्या रस्त्याला वळले. अक्काचं घर त्याच रस्त्यावर. लांबूनच मला ओटा दिसला आणि ओट्यावर काठी धरून बसलेले आबा, म्हणजे तिचे सासरे. पांढरी टोपी, पांढरा सदरा, ताठ मान.

बहिणीच्या सासरी भाऊ जातो तेव्हा तो माहेरची अब्रू अंगावर घालून जातो. माझे वडील तिच्याकडे जाताना टोपी झटकून घालायचे आणि गावाच्या वेशीपाशी चपलांवरची धूळ पुसायचे. मी आजवर इस्त्रीच्या पँटीशिवाय त्या ओट्यावर पाय ठेवलेला नव्हता. आणि आता गुडघ्याच्या वर चार बोटं चड्डी, बनियनसारखा शर्ट, घामानं चिंब. आबांसमोर असा उभा राहू? अक्काला तिच्या सासऱ्यांदेखत मान खाली घालायला लावू? मी टोपीची कड डोळ्यांवर ओढली, नजर पायांवर ठेवली आणि घरासमोरून जे सुटलो ते स्टँडवर येऊन थांबलो. वर्षभरात इतक्या जोरात मी कधी पळालो नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात टळटळीत ऊन होतं. पण कोणी ओळखलं नाही असं वाटून एसटीत बसताना मी सुटकेचा श्वास सोडला.

मग आखाजी आली. बाकीच्यांची ती अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात ती सासुरवाशिणींची दिवाळी. भावानं सासरी जायचं, बहिणीला माहेरी घेऊन यायचं, झोके बांधायचे, आंब्याचा रस काढायचा. अक्का साठीची झाली तरी मी तिला आणायला जातो आणि ती जळगावच्या आमच्या गच्चीवरच्या झोक्यावर बसून शेजारणींना गाणी म्हणायला लावते. त्या वर्षी कधी येऊ हे विचारायला फोन केला, तर दाजींनी उचलला. "औंदा जमाव नही. कांदास्ना काम शे," म्हणाले. कांदे दरवर्षीच असतात. झोका आम्ही बांधला होता, तो तसाच राहिला.

राखी कुरिअरनं आली. भाऊबीजेला मी आणि बायको सोनगीरला गेलो. अक्कानं ओवाळलं, पुरणपोळ्या वाढल्या, काही कमी केलं नाही. फक्त मला म्हणाली, "घ्या. लाजू नका." मला! जिनं माझं नाक पुसलं तिनं मला पाहुण्यासारखं 'घ्या' म्हटलं. अख्खं घर भोवती होतं, विचारणार काय आणि कसं?

परतीच्या रस्त्यावर बायकोनं सांगितलं. तिनं स्वयंपाकघरात दाजींकडून काढून घेतलं होतं. त्या चैत्रातल्या रविवारी अक्कानं मला खिडकीतूनच ओळखलं होतं. ती पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन रस्त्यावर धावत आली आणि हाका मारत राहिली. माझ्या कानात गाणी होती. मी वळलोच नाही. समोरच्या ओट्यावरची बाई तिला म्हणाली, "अक्का, तुना भाऊ तं तुले देखीसन पयना!" आठ दिवसांत गावभर झालं की बहीण-भावाचं बिनसलं.

"एका अर्ध्या चड्डीपायी बहीण घालवली," बायको म्हणाली. मला तिचा फार राग आला, कारण ते खरं होतं.

मी फोन केले. पण अक्काला कमी ऐकू येतं म्हणून तिचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि घरातले सगळे ऐकत असतात, आबासुद्धा. त्यांच्या कानावर चड्डीचा विषय कसा घालणार? मी 'तब्येत कशी आहे' विचारायचो, ती 'बरी शे' म्हणायची, आणि फोन बंद व्हायचा. अशाच तऱ्हेनं माणसं दुरावतात, मोठं भांडण लागतच नाही, या भीतीनं मला झोप येईनाशी झाली. आई-वडिलांमागे आम्ही दोघंच. तिचं माहेर मी बंद केलं, ही गोष्ट पळतानाही पायांत यायची.

तेवढ्यात, आमच्या गटानं नावं दिली होती त्या मॅरेथॉनचा मार्ग जाहीर झाला. धुळ्याहून निघायचं, सोनगीरच्या जुन्या रस्त्यानं जाऊन किल्ल्याखाली वळसा घ्यायचा आणि परत धुळ्याला यायचं. गटात सगळ्यांना चढाची आणि उन्हाची काळजी. मला एका ओट्याची. यावेळी थांबायचं, पाया पडायचं, तिच्या तोंडावर सांगायचं, मग शर्यत राहिली तरी चालेल, असं मी ठरवलं. आणि पूर्ण पँट घालूनच पळायचं. गटानं डोक्याला हात लावला. मी मांड्यांना डबाभर व्हॅसलीन चोपडून पूर्ण पँटीत सराव करू लागलो, तरी रविवारी संध्याकाळी मी बदकासारखा चालायचो. बायकोनं दाजींना फोनवर मार्ग आणि दिवस सांगून ठेवला. "तिले सांगस," एवढंच ते म्हणाले.

त्या सकाळी धुळ्यात हाडं गोठवणारी थंडी होती. आम्ही अंधारात निघालो, देवभान्यापाशी उजाडलं. दोन्ही बाजूंना कपाशीची रिकामी शेतं, चहाच्या टपऱ्या, आणि 'चला चला' ओरडणारे लोक, ज्यांना आज पहिल्यांदाच माझ्या पळण्याचं कारण ठाऊक होतं. पाय बरे होते. सोनगीर आलं तसं माझं काळीज पायांच्या पुढे पळायला लागलं.

ओटा रिकामा होता. दाराला कुलूप.

मी थांबलो. खरोखर थांबलो, कुलपाकडे बघत. आबासुद्धा नव्हते, म्हणजे ती त्यांनाही घेऊन शेतावर निघून गेली होती, मला टाळायला. मागच्या पळणाऱ्यानं पाठीवर हात ठेवून "चला काका" म्हटलं म्हणून मी हललो. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि घामाचा एक फायदा असा की ते कोणाला कळत नाही.

किल्ल्याखालच्या वळणावर गर्दी दिसली. शिट्ट्या वाजत होत्या. रस्त्याच्या ऐन मध्यावर प्लॅस्टिकची खुर्ची होती, खुर्चीत आबा, आणि त्यांच्या मागे हातात ताट घेतलेली अक्का. एक स्वयंसेवक तिला विनवत होता, "मावशी, बाजूला व्हा, स्पर्धा चालू आहे."

"मना भाऊ शे. तुम्ही शिट्टी तिकडे जाईसन वाजाडा," ती त्याला म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "आते पय! देखू कसा पयस!"

मी काही बोलायच्या आत तिनं ओवाळलं. कुंकू घामानं नाकावर ओघळलं. मग पितळेचा तांब्या पुढे केला. "पे."

मी प्यायलो आणि एका दमात बोलून टाकलं. "अक्का, त्या दिन मी हाफ पँटवर व्हतू. आबा वट्टावर बठेल व्हतात. तसा कसा येऊ मी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "इतलंच?"

"इतलंच."

"आन मी हाका मारी राह्यनी व्हती त्या?"

"कानमा गाना व्हतात."

"आग लागो तुना गानास्ले!" ती ओरडली, आणि मग हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, पदरानं माझंच नाक पुसलं. खाली वाकून आबांच्या कानात म्हणाली, "आबा, हाऊ तुम्हले लाजना व्हता! चड्डीवर व्हता म्हनीसन!"

आबांनी मान तिरकी केली. "माले तं वट्टानी पायरीबी दखास नही. हाऊ कोनले लाजना?"

मला तोवर माहीतच नव्हतं. त्यांची नजर केव्हाच गेली होती, आणि ताठ मानेनं रस्त्याकडे तोंड करून बसायची सवय तेवढी राहिली होती. त्यांनी हात पुढे करून माझा पाय चाचपला, पँटीचं कापड चिमटीत धरलं. "इतली जाड? पयाले उना का लगीनले?"

स्वयंसेवकसुद्धा हसला. माझा जीव भांड्यात पडला. चैत्रापासून छातीवर ठेवलेलं काहीतरी कोणी उचलून बाजूला ठेवलं, इतकं हलकं वाटलं की मी तिथेच मांडी घालून बसणार होतो. अक्कानं खुर्ची आबांसकट एका बाजूला ओढली. "जाय आते. मांगला लोके पुढे चालनात. आन आखाजीले माले लेवाले ये."

परतीचं अंतर कसं सरलं हे नीटसं आठवत नाही. मांड्या सोलल्या, नगावच्या पुढे मी बराचसा चाललोच. एका मोटारसायकलवाल्यानं सवयीनं विचारलं, "बस भाऊ, सोडू का?" या वेळी मी पहिल्यांदाच क्षणभर विचार केला. शेवटच्या कमानीपाशी पोचलो तेव्हा ती उतरवायला शिडी लावलेली होती, पण पदक मिळालं. बायकोनं ते हातात घेऊन वजन बघितलं आणि कपाळावर उरलेल्या कुंकवाकडे बोट दाखवलं. "भेटली?" म्हणाली. मी मान डोलावली, आणि तिनं मोठ्यानं श्वास सोडला. साखरही आता काठावरून थोडी मागे सरकली आहे.

परवा आखाजीसाठी सोनगीरला गेलो. इस्त्रीची पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट. ऊन चढलं होतं, गल्लीतल्या सगळ्या ओट्यांवर माणसं होती, आणि सगळी बघत होती. आबा नेहमीच्या जागी बसले होते आणि त्यांच्या शेजारी अक्काची भरलेली पिशवी होती. ते पिशवीवर हात ठेवून बसले होते. मी पाया पडलो तेव्हा त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"लवकर लयी जाय रे भाऊ तिले," ते म्हणाले. "सकायपासून माले ही पिशवी राखाले बसाडेल शे."