तळ दिसणारी विहीर

मनवेलपाड्यात राहणारी लतिका १९९८ साली बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. प्रकल्पासाठी तिनं विषय घेतला होता: कॉलेजातल्या मुलांना पर्यावरणातल्या कोणत्या धोक्याची भीती वाटते? मधल्या सुट्टीत ती कँटीनमध्ये एकेकाला गाठायची. कुणी ओझोनचं छिद्र म्हणायचं, कुणी अणुभट्टी, कुणी समुद्रात बुडणारी बेटं. "आणि तुमच्या घराजवळ?" असं विचारलं की मुलं हसायची. घराजवळ कसला आलाय धोका!

सगळ्यात मोठ्यानं हसला जयवंत. तो वालीवचा, घरची भातशेती. "आमच्याकडे ये एकदा. विहिरीचा तळ दिसतो. असलं पाणी तुझ्या बिल्डिंगला स्वप्नातपण मिळणार नाही."

शनिवारी दुपारी ती गेली. शेताच्या बांधापलीकडे पत्र्याचे गाळे उभे राहिले होते. तिथे लोखंडाचा गंज काढायचं काम चाले. जयवंतच्या आईनं, प्रेमलताबाईंनी, तिला ओटीवर बसवून पाणी दिलं. तांब्या नुकताच दुकानातून आणल्यासारखा लखलखत होता. कोपऱ्यातला हंडाही तसाच.

"रोज चिंच लावता का, काकू?"

"छे गं. आमचं पानीच तसं. दोन-तीन वर्सं झाली, भांडी घासायलाच लागत नाय."

लतिकानं ओठांशी नेलेला तांब्या खाली ठेवला. तांबं कशानं असं उजळतं, ते तिनं प्रयोगशाळेत पाहिलं होतं.

विहीर मागच्या आंब्याखाली होती. आतल्या दगडांवर शेवाळाचा डाग नव्हता. पाण्यावर एक किडा नव्हता, पाणवनस्पती नव्हती. एवढ्या सावलीत एक डाससुद्धा चावत नव्हता. गाळ्यांमधला खडखडाट इथवर ऐकू येत होता, पण विहिरीत मात्र कसलाच आवाज नव्हता.

"पाणी साफ ठेवायला कासव नाही सोडलंत?" तिनं विचारलं.

"होतं ना. आजोबांनी सोडलेलं. गेलं कुठेतरी."

"विहिरीतून कासव जाईल कुठे, जयवंत?"

तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. मग घरात जाऊन दाढीचा आरसा घेऊन आला. उन्हाचा कवडसा त्यानं पाण्यात सोडला. पाणी इतकं नितळ होतं, की उजेड थेट तळाला टेकला. दगडांवरून सरकत सरकत तो एका फिकट, गोल वस्तूवर थांबला.

"आईची ताटली पडली असेल," जयवंत म्हणाला.

पडलेल्या बादल्या काढायचा गळ त्यानं आत सोडला. वर आली ती कासवाची पाठ. पांढुरकी, आतून रिकामी. लतिकानं ती हातात घेतली आणि तिची बोटं आत रुतली. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी ती मधोमध वाकली.

दोघांना विहिरीपाशी पाहून जयवंतचे वडील, आत्माराम, शेतातून आले. "काय झालं? आमी हेच पितो. बरे आहोत ना?"

प्रेमलताबाई घरातून हंडा घेऊन आल्या. ओतायला वाकल्या, आणि तशाच थांबल्या. तुळशीत ओतवेना, भाजीच्या वाफ्यात ओतवेना.

सोमवारी रसायनशास्त्राच्या फ्लॉसी मिसनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत लतिकानं आणलेलं विहिरीचं पाणी तपासलं. आम्ल होतं: गंज काढायचं, गाळ्यांतून जमिनीत मुरलेलं, जिभेला कळू नये असं हळूहळू वाढलेलं. तालुक्याला अर्ज गेले, गाळेवाल्यानं एका रात्रीत सामान हलवलं. आत्मारामनी विहिरीवर सिमेंटची लादी टाकली. जयवंतला थंड काही खाल्लं की दात ठणकायचे. दातांवरचं कवच विरघळत गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा कुठे त्याला त्या ठणक्याचं कारण कळलं.

महिन्याभरानं लतिकानं त्याला पुन्हा तोच प्रश्न विचारला: भीती कशाची वाटते? आता तो 'घरचं पाणी' म्हणेल, असं तिला वाटलं होतं.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "पाण्याची नाही वाटत. ते तसं झालं तरी आम्हाला गोडच लागत होतं ना, त्याची वाटते."

लतिका पुढे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. गावोगावची माणसं बाटल्या घेऊन येत, पाणी गढूळ आहे म्हणून तक्रार करत. त्यांना ती धीर द्यायची. पण कुणी अभिमानानं नितळ पाणी पुढे ठेवलं, की ती बाटली हातात घ्यायला तिला क्षणभर जड जायचं.